पालक की मालक?



जून महिन्यात शाळा उघडते. पोराचे बोट धरून कोणी आई, कोणी बाप, कोणी आजोबा गुरुजींच्या टेबलासमोर येऊन उभे राहतात. गुरुजी अर्ज भरून घेतात. मुलाचे नाव, जन्मतारीख, आणि मग एक ओळ येते : पालकाचे नाव. त्या ओळीपाशी आपण कधी थांबत नाही. बापाचे नाव घालायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा, की झाले काम!

पण मंडळी, या एका ओळीसाठी आपल्या देशात शंभर-सव्वाशे वर्षे लोक कोर्टाच्या पायऱ्या चढत आले आहेत. मूल कुणाचे? त्याचे बरेवाईट ठरवायचे कुणी? बाप म्हणेल तसेच व्हायचे, की आईचाही त्यात काही शब्द आहे? आणि ज्याच्याविषयी हा सारा वाद, त्या पोराला कोणी विचारायचे की नाही?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक पालक, दुसरा मालक. पालक म्हणजे पाळणारा, सांभाळणारा. मालक म्हणजे धनी. दोहोंत फरक एका अक्षराचाच. पण तेवढे अक्षर बदलायला न्यायालयांना किती वर्षे लागली, त्याची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू.

रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आईने पुढे डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाई अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. लग्न झाले, पण रखमाबाई सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून त्यांनी वाचन-शिक्षण चालू ठेवले. पुढे १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको मला नांदायला मिळावी.

रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते. हे लग्न झाले तेव्हा मला काही कळत नव्हते; माझी संमती कोणी घेतली नाही; तेव्हा ते मी का पाळावे? १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीला ती मोठी झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध नांदायला धाडणे हे त्यांना रानटीपणाचे वाटले. पण अपिलात तो निकाल फिरला. १८८७ च्या मार्च महिन्यात न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. साऱ्या देशात, एवढेच कशाला, विलायतेतही त्या उत्तराची चर्चा झाली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरतेला त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

आता या खटल्याकडे जरा निराळ्या बाजूने पाहा. भांडण नवरा-बायकोचे दिसते खरे. पण त्याच्या मुळाशी आईबापांच्या अधिकाराचा प्रश्न आहे. वडीलधाऱ्यांनी अकरा वर्षांच्या मुलीच्या नावाने जो शब्द दिला, तो तिच्यावर जन्मभर बंधनकारक आहे का? त्या काळच्या कायद्याने सांगितले, आहे. म्हणजे मुलगी ही दिली-घेतली जाणारी वस्तू ठरली. तेथे पालक नव्हता. होता तो मालक.

या गोष्टीचा जीवघेणा अर्थ दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, बंगालमध्ये उघडा पडला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिचा नवरा पस्तिशीच्या आसपासचा. नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधाने त्या कोवळ्या पोरीचा जीव गेला. कलकत्त्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. पण १८६० च्या दंडसंहितेत वयाची मर्यादा दहा वर्षे एवढीच होती, आणि मुलगी दहाच्या वर होती. तेव्हा बलात्काराचा गुन्हा लागू होईना. निष्काळजीपणाच्या कलमाखाली नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका पोरीचा जीव आणि एक वर्षाची शिक्षा!

या निकालाने देश हलला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. आपल्या महाराष्ट्रात त्या वेळी केवढे रण माजले हे शिक्षक-बंधूंना ठाऊकच आहे. आगरकर कायद्याच्या बाजूने. लोकमान्यांचे म्हणणे असे, की सुधारणा आपली आपण करू, परक्या सरकारचा हात आपल्या घरात नको. आज त्या वादातला कडवटपणा विसरून आपण एवढेच पाहावे, की बाराची ती पायरी केवढी लहान होती. पुढे १९२५ मध्ये विवाहितेसाठी बाराचे तेरा झाले. १९२९ मध्ये शारदा कायदा आला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. १९४९ मध्ये दंडसंहितेतले तेराचे पंधरा झाले. आणि तेथे मात्र गाडी जी अडकली, ती अडसष्ट वर्षे. लग्नाचे वय मुलीला अठरा झाले होते, तरी अठराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला दंडसंहितेचे संरक्षण पंधरापर्यंतच. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दूर केली. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा गुन्हाच, असा निर्णय दिला. दहापासून अठरापर्यंतची आठ वर्षे चढायला कायद्याला दीडशेच्या वर वर्षे लागली. फुलमणीला न्याय मिळाला तो असा, उशिरा आणि दुसऱ्या मुलींच्या रूपाने.

असो. हा झाला एक धागा. आता दुसरा धागा घेऊ : मुलाचा ताबा.

येथे गोष्ट मद्रासकडे जाते, आणि तिच्यात एक विलक्षण योग आहे. ॲनी बेझंट यांचे नाव आपल्याला स्वराज्याच्या चळवळीमुळे माहीत आहे. हिंदुस्थानात येण्यापूर्वी, विलायतेत असताना, त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या. त्यांची लहान मुलगी त्यांच्यापाशी असे. १८७८ मध्ये तेथील न्यायाधीशांनी ती मुलगी आईपासून काढून बापाकडे दिली. आईची धर्मविषयक मते आणि तिने छापलेले पुस्तक न्यायाधीशांना पसंत नव्हते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात बापाचा हक्क जवळजवळ अढळ होता. मुलगी मोठी झाल्यावर आपण होऊन आईकडे आली, ही गोष्ट वेगळी.

त्याच बेझंटबाई पुढे पस्तीस वर्षांनी पुन्हा कोर्टात उभ्या राहिल्या. पण या वेळी बाजू उलटी होती. नारायणय्या नावाचे एक निवृत्त सरकारी नोकर १९०९ मध्ये मद्रासजवळ अड्यार येथे, थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात राहायला आले. पत्नी वारलेली, पदरी मुले. त्यांतला एक मुलगा म्हणजे पुढे जगाला तत्त्वचिंतक म्हणून माहीत झालेले जे. कृष्णमूर्ती. हा मुलगा जगद्गुरू होणार, असे सोसायटीच्या धुरीणांनी ठरवले. १९१० मध्ये बापाने कृष्णमूर्ती व त्याचा धाकटा भाऊ यांचे पालकत्व लेखी पत्राने बेझंटबाईंकडे सोपवले. बाईंनी मुलांना शिक्षणासाठी विलायतेस नेले. मग बापाचे मन बदलले. १९१२ मध्ये त्याने दावा लावला, की माझी मुले मला परत द्या.

बेझंटबाईंनी मद्रासला आपली बाजू स्वतःच मांडली. १९१३ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी मुले बापाच्या स्वाधीन करावीत असा निकाल दिला. अपिलातही तो कायम राहिला. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, आणि १९१४ मध्ये तेथे निकाल फिरला.

प्रिव्ही कौन्सिलने काय म्हटले, ते नीट ऐकण्यासारखे आहे. त्यांनी म्हटले, की बापाचे पालकत्व ही एक पवित्र ठेव आहे. ती आपल्या हयातीत दुसऱ्याला कायमची देऊन टाकता येत नाही. मुलाचे संगोपन-शिक्षण दुसऱ्यावर सोपवता येते, आणि सोपवलेले परतही मागता येते. पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा, मूल एखाद्या ठिकाणी रुळले असेल, तेथून त्याला हलवणे त्याच्या हिताचे नसेल, तर बापाने मागितले एवढ्यावरूनच कोर्ट ते देणार नाही. शिवाय मुले राहत होती इंग्लंडात, आणि दावा चालला मद्रासला. या दाव्यात मुलांच्या वतीने उभे राहणारे कोणी नव्हते, आणि तुमची इच्छा काय, हेही त्यांना कोणी विचारले नव्हते.

मला या खटल्यात बाप दुष्ट दिसत नाही. बायको गेलेली, पोरे सातासमुद्रापार. त्याचे काळीज तुटले असेल. बेझंटबाईही दुष्ट दिसत नाहीत. स्वतःचे मूल गमावण्याचे दुःख त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? दोन्ही बाजूंना माया होती. पण मायेने भांडणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये मूल उभे असते, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने प्रथमच लख्खपणे सांगितले, की त्याच्याकडे पाहा.

तसे पाहिले तर हा विचार आपल्या देशाच्या कायद्यात तेव्हा होताच. १८९० चा पालक व पाल्य कायदा काढून पाहा. पालक नेमताना मुलाचे हित पाहावे, त्याचे वय, धर्म आणि पालक होऊ पाहणाऱ्याची वर्तणूक पाहावी, आणि मूल समजूतदार असेल तर त्याची पसंती विचारावी, असे त्यात लिहिले होते. पण त्याच कायद्यात दुसऱ्या कलमात असेही होते, की बाप हयात आहे आणि नालायक ठरलेला नाही, तोवर दुसरा पालक नेमू नये. म्हणजे एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने आखडून घेतले. २०१० मध्ये दुरुस्ती होऊन त्या कलमात बापाच्या जोडीला आईचेही नाव आले. एकशे वीस वर्षांनी!

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा झाला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मुलाचे हित हीच सर्वांत वरची गोष्ट. दुसरी, मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. आता 'त्याच्यानंतर' म्हणजे काय? सारे धरून चालले, की बाप मेल्यावर.

येथे आपल्याच राज्यातला एक शेतजमिनीचा खटला उपयोगी पडतो. एका अज्ञान मुलीच्या नावावर जमीन होती. आई आणि वडील वीस वर्षांपेक्षा जास्त काळ विभक्त होते. बाप हयात होता, पण लेकीकडे वा तिच्या जमिनीकडे ढुंकून पाहत नव्हता. आईच मुलीला सांभाळत होती आणि १९५१ पासून तिची जमीन खंडाने लावत होती. वाद निघाला, की बाप जिवंत असताना आईने केलेला हा व्यवहार खरा का? १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की असा बाप असून नसल्यासारखा आहे. त्या परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक. मंडळी, आपल्या गावात अशा किती आया आहेत, ज्यांचा नवरा कागदावर आहे आणि घरात नाही! शेताचा खंड त्या ठरवतात, बी-बियाणे त्या आणतात, पोराची फी त्या भरतात. त्या आयांच्या बाजूने हा निकाल बोलला.

त्यानंतर १९७३ मध्ये एका ताब्याच्या वादात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. मुले ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत; मुलांच्या भवितव्यावर आईबापांची निरंकुश सत्ता आता चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आणि मग आला १९९९ चा निकाल. गीता हरिहरन या इंग्रजी लेखिका. त्यांनी १९८४ मध्ये आपल्या लहान मुलाच्या नावाने वीस हजार रुपयांचे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. नवरा-बायकोचे भांडण नव्हते; दोघांनी मिळूनच तसे ठरवले होते. बँकेने अर्ज परत पाठवला : बापाची सही आणा, नाहीतर आईला पालक नेमल्याचा कोर्टाचा दाखला आणा. गीताबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितले, की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'तो मेल्यावर' असा नव्हे, तर 'त्याच्या अनुपस्थितीत' असा घ्यावा. बाप लक्ष देत नसेल, दूर असेल, आजारी असेल, किंवा दोघांनी मिळून आईवर भार सोपवला असेल, तर बाप जिवंत असतानाही आई पालक. एका शब्दाचा अर्थ बदलला आणि आईची सही खरी झाली.

हे झाले हक्काचे. पण पालकत्वाला दुसरी बाजू आहे, ती जबाबदारीची. हक्क सांगायला पुष्कळ जण पुढे येतात. जबाबदारी म्हटली की पाय मागे घेतात. पोराला पोसायची ऐपत असून जो पोसत नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने पोटगी द्यायला लावावे, ही तरतूद १८९८ च्या फौजदारी संहितेत होती. १९७३ च्या संहितेत ती १२५ व्या कलमात आली, आणि १ जुलै २०२४ पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. त्यातला एक शब्द लक्षात ठेवा. मूल औरस असो वा अनौरस, पोसण्याची जबाबदारी बापाची. मोठ्यांच्या चुकीची सजा पोराच्या पोटाला नाही. पूर्वी या पोटगीला दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

आणि हे नाते एकेरी नाही, बरे का! आईबाप थकले म्हणजे पोसण्याची पाळी मुलांची येते. मुलावरच नव्हे, लग्न झालेल्या कमावत्या मुलीवरही ती जबाबदारी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. मुलगी परक्याचे धन म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

पोसणे म्हणजे तरी काय? नुसते भाकरी घालणे नव्हे. १९९६ मध्ये शिवकाशीच्या काड्यापेटी-फटाक्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नुसते 'मुलांना कामावर ठेवू नका' असे सांगून हात झटकले नाहीत. गरिबाच्या घरची मजुरी बंद केली तर चूल कशी पेटायची, हेही त्याने पाहिले. मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये द्यावेत. सरकारने त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावे, नाहीतर दर मुलामागे पाच हजार निधीत भरावेत. त्या निधीच्या उत्पन्नावर मूल शाळेत जावे. आणि बापाने मुलाला शाळेत धाडलेच पाहिजे, नाहीतर ती मदत बंद. पाहा, येथे आईबापांच्या पाठीशी राज्यही पालक म्हणून उभे राहिले. पुढे २००२ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य ठरले. हक्क मुलाचा, कर्तव्य पालकाचे. जुना हिशेब पुरता उलटा झाला.

आता तुम्ही म्हणाल, निकाल झाले मुंबई-दिल्लीत, आमच्या गावात त्यांचे काय? खरे आहे. कोर्टाचा निकाल आपल्या पायांनी गावात येत नाही. तो कोणीतरी आणावा लागतो. आणि तो आणणारा पहिला माणूस म्हणजे शाळेतला शिक्षक.

सातवी-आठवीतली एखादी मुलगी दिवाळीनंतर शाळेत येईनाशी होते. चौकशी केली, तर 'पाहुणे बघून गेले' असे कानावर येते. आईबाप वाईट नसतात. उसाच्या तोडणीला जायचे, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने ते तिचे हात पिवळे करतात. त्यांना दटावण्याआधी त्यांची धास्ती समजून घ्यावी. पण समजून घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला, लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अज्ञानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीला किंवा मुलाला, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, ते लग्न रद्द करून मागता येते. रखमाबाईंना १८८७ मध्ये जे मिळाले नाही, ते आज गावातल्या पोरीला मिळू शकते. मात्र ते तिला कोणी सांगितले पाहिजे. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आणि अर्जातल्या त्या ओळीपाशी या जूनमध्ये क्षणभर थांबावे. आई एकटी आली असेल, तर 'बापाला घेऊन या' म्हणून तिला परत पाठवू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावायचे, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. ती मुले काही वर्षांत शाळेच्या दारात येतील. त्यांच्या नावातच आईची सही असेल.

तेव्हा मंडळी, मूल कुणाचे, या प्रश्नाला न्यायालयांनी दिलेले उत्तर थोडक्यात असे : ते बापाचे नाही, आईचे नाही, सरकारचेही नाही. ते त्याचे स्वतःचे आहे. आपण सारे त्याचे पालक. मालक कोणीच नव्हे. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रोप आपण लावतो, पाणी घालतो, कुंपण करतो. पण ते वाढते आपल्या बळाने.

आज रात्री जेवताना आपल्या पोराला एखादी गोष्ट आपण होऊन विचारा : बाळ, तुला काय वाटते? आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.